पोराचे पाय बघून काय कळते?

आपल्या वस्त्यांमध्ये आईबापांना हल्ली एक नवीन प्रश्न पडू लागला आहे. पूर्वी मुलगा दहावी झाला की आयटीआय की कॉलेज, एवढाच विचार असायचा. आता मूल दहा-बारा वर्षांचे होते, गल्लीत चांगले खेळते, कुणीतरी म्हणते, "याला ॲकॅडमीत घाला, पुढे जाईल," आणि त्या घराची झोप उडते. पुढे जाईल म्हणजे कुठपर्यंत? आणि बारा वर्षांच्या पोराकडे बघून ते सांगायचे कुणी आणि कशावरून?

आम्ही बरीच वर्षे खात्याच्या संघातून कामगार क्रिकेट खेळलो आणि गुडघे बोलायला लागल्यावर पंचगिरी केली. त्यामुळे नालासोपारा-विरारकडची मंडळी रविवारी विहारात वंदना झाली की आम्हाला गाठतात. "काका, जयभीम. जरा आमच्या पोराचं बघता का?" आम्ही नाही म्हणत नाही. पण बघायचे म्हणजे नेमके काय बघायचे, हे एकदा लिहून काढावे असे बरेच दिवस मनात होते.

लोक चौकार-षटकार बघतात. आम्ही आधी पाय बघतो. चेंडू सुटल्यावर मुलगा पाय हलवतो की जागेवरूनच बॅट फिरवतो? टेनिस बॉलवर न हलणारा पायसुद्धा चालून जातो, कारण चेंडू उसळून हाताशी येतो आणि लागला तरी दुखत नाही. सीझन बॉल हातात आला की खरी परीक्षा सुरू होते. अंगावर येणाऱ्या चेंडूला मुलाचा मागचा पाय लेग स्टंपच्या बाहेर पळतो का? पळत असेल तर ती भीती आहे. ती वाईट नाही, ती जाऊ शकते, पण आहे हे ओळखायला हवे. पुढचा पाय चेंडूच्या टप्प्याजवळ जातो का? डोके स्थिर राहते का? आणि आम्ही सर्वांत जास्त बघतो ती एक गोष्ट म्हणजे बाद झाल्यावर पोर काय करते. बॅट आपटते, पंचाकडे डोळे वटारते, की पुढच्या वेळी तोच चेंडू आला तर काय करायचे याचा विचार करत पॅड सोडते.

आमच्याकडे जे पाय बघतात, तेच दुसऱ्या देशांत दुसऱ्या खेळात बघतात. कॅनडा आणि अमेरिकेत बर्फावर हॉकी खेळतात. पायात पात्याचे बूट, आणि घसरत घसरत सारा खेळ. तिथे अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरांची दरवर्षी व्यावसायिक संघांसाठी निवड होते आणि पारखी माणसे आधी पोराचे स्केटिंग पाहतात. गुडघा किती वाकतो, डावीकडे आणि उजवीकडे सारखेच वळता येते का, उलटे जाताना तोल राहतो का, पहिल्या तीन पावलांत वेग येतो का. एवढे बारीक बघूनही काय होते? रशियाचा पावेल दात्स्युक १९९८ च्या निवडीत १७१ व्या क्रमांकावर गेला. म्हणजे १७० पोरे त्याच्यापेक्षा सरस ठरवली गेली. पुढे त्याच दात्स्युकने डेट्रॉईटच्या संघातून खेळताना दोनदा स्टॅनले कप जिंकला. ज्यांचा धंदाच पारख करण्याचा, त्यांची ही गत. मग आम्ही कोण?

लांब कशाला जा, आपल्याच पश्चिम रेल्वेवरची दोन पोरे घेऊ.

पहिला पृथ्वी शॉ. हे कुटुंब मूळचे बिहारमधील गयेकडचे, पण पोर वाढले विरारला. चार वर्षांचा असताना आई गेली. वडिलांनी कपड्यांच्या धंद्याकडे पाठ फिरवली आणि पोराला रोज विरारहून वांद्र्याला एमआयजी क्लबच्या मैदानावर नेऊ लागले. विरार लोकल ज्यांनी अनुभवली आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको. चर्चगेटपासून साठ किलोमीटरवरचे आपले स्टेशन, पहाटेसुद्धा दाराला लोंबकळणारी माणसे, आणि त्यात एक लहान पोर आणि त्याच्या उंचीएवढी किटबॅग. पुढे मदत मिळाली आणि ते सांताक्रूझकडे राहायला गेले. नोव्हेंबर २०१३ मध्ये, चौदाव्या वर्षी, हॅरिस शिल्डच्या सामन्यात त्याने रिझवी स्प्रिंगफील्ड शाळेकडून ३३० चेंडूंत ५४६ धावा केल्या. तेव्हा ज्याने त्याने सांगितले की हा भारताकडून खेळणार. आणि ते खरेही झाले. २०१७ च्या जानेवारीत रणजीच्या पहिल्याच सामन्यात शतक, २०१८ च्या फेब्रुवारीत १९ वर्षांखालील विश्वचषक जिंकणारा कर्णधार, आणि त्याच ऑक्टोबरमध्ये राजकोटला वेस्ट इंडीजविरुद्ध पहिल्याच कसोटीत १३४. पारख करणाऱ्यांचे शंभर टक्के बरोबर आले, असे त्या दिवशी कुणीही म्हटले असते.

दुसरा शार्दूल ठाकूर. पालघरजवळच्या माहीमचा. आम्ही मुद्दाम सांगतो, हे मुंबईचे माहीम नव्हे. हाही लोकलने ये-जा करणारा. शाळेच्या एका सामन्यात बोरिवलीच्या स्वामी विवेकानंद शाळेचे प्रशिक्षक दिनेश लाड यांनी त्याला पाहिले आणि आपल्या शाळेत आणायचे ठरवले. रोजचा प्रवास झेपणारा नव्हता, म्हणून त्या गुरुजींनी पोराला स्वतःच्या घरी ठेवून घेतले. शाळेत असताना त्याने एका षटकात सहा षटकार मारले, म्हणजे गुण होतेच. पण पुढचा रस्ता बघा. अंगाने स्थूल, वजन कमी कर म्हणून सांगावे लागले. २०१२ मध्ये रणजीला सुरुवात केली तेव्हा पहिल्या चार सामन्यांत फक्त चार बळी, तेही प्रत्येकी ८२ धावा देऊन. असल्या आकड्यांवर एखाद्याने पोराला "रेल्वेची परीक्षा दे" म्हणून सांगितले असते तर आम्ही त्याला दोष दिला नसता. त्याने वजन उतरवले, गोलंदाजी सुधारली, आणि २०१४-१५ च्या हंगामात ४८ बळी घेतले. मग ऑक्टोबर २०१८ मध्ये, पृथ्वीने शतक ठोकले त्याच मालिकेच्या दुसऱ्या कसोटीत, हैदराबादला शार्दूलचे पदार्पण झाले. दहा चेंडू टाकले आणि स्नायू दुखावला. संपली कसोटी.

वाचकहो, त्या महिन्यात तुम्हाला कुणी विचारले असते की या दोघांत पुढे कोण जाईल, तर तुम्ही काय उत्तर दिले असते?

दोन वर्षांनी दोघेही ऑस्ट्रेलियाच्या एकाच दौऱ्यावर होते. डिसेंबर २०२० मध्ये ॲडलेडला पृथ्वी पहिल्या डावात शून्यावर आणि दुसऱ्या डावात चारवर त्रिफळाचीत झाला. बॅट आणि पॅडमध्ये फट राहते, पाय चेंडूच्या रेषेत पूर्ण जात नाही, हे साऱ्या जगाने टीव्हीवर पुन्हा पुन्हा पाहिले आणि पुढच्या सामन्याला तो बाहेर बसला. जानेवारी २०२१ मध्ये ब्रिस्बेनला अर्धा संघ जायबंदी झाल्यामुळे शार्दूलला दुसरी कसोटी मिळाली. त्याने सामन्यात सात बळी घेतले आणि ६७ धावा करून वॉशिंग्टन सुंदरबरोबर १२३ धावांची भागी केली. तो सामना आणि ती मालिका भारताने जिंकली.

पृथ्वीचे पुढे काय झाले ते सगळ्यांना ठाऊक आहे. दुखापत, २०१९ मधली खोकल्याच्या औषधावरून झालेली बंदी, २०२४ मध्ये मुंबईच्या रणजी संघातून वगळणे, त्याच वर्षी आयपीएलच्या लिलावात कुणीही न घेणे. वर्तमानपत्रांनी त्याच्या चुकांची चविष्ट वर्णने केली. आम्हाला त्यात रस नाही. आई नसलेले पोर, चौदाव्या वर्षापासून सारे मोठे लोक फक्त कौतुक करणारे, आणि पडल्यावर कसे उठायचे हे शिकायची वेळ आली तेव्हा कॅमेरे समोर. २०२५ मध्ये तो महाराष्ट्राकडून खेळू लागला आणि ऑक्टोबरमध्ये चंडीगडविरुद्ध २२२ धावा काढल्या. अजून वय गेलेले नाही. विरारचे पोर आहे, त्याचे भले व्हावे.

आणि कल्याणचा प्रणव धनावडे? रिक्षाचालकाचा मुलगा. जानेवारी २०१६ मध्ये शालेय सामन्यात नाबाद १००९. जगात कुणी एका डावात हजार केले नव्हते. आधीचा विक्रम इंग्लंडच्या कॉलिन्सचा, १८९९ चा, ६२८ धावांचा. घरासमोर मंत्री-पुढाऱ्यांची रांग लागली. मुंबई क्रिकेट संघटनेने महिना दहा हजारांची शिष्यवृत्ती दिली. पण समोरचा संघ पहिल्या डावात ३१ धावांत बाद झाला होता, हे कौतुकाच्या घाईत फार थोड्यांनी बघितले. धावा किती यापेक्षा कुणासमोर, हा प्रश्न आधी विचारायचा असतो. पुढच्या वर्षी पोराच्या धावा होईनात. तेव्हा त्याच्या वडिलांनी संघटनेला पत्र लिहून शिष्यवृत्ती थांबवायला सांगितली. मुलगा पुन्हा चांगला खेळू लागला तर बघू, असे. आमच्या मते त्या १००९ धावांपेक्षा हे पत्र मोठे आहे. दहा हजार रुपये रिक्षावाल्याच्या घरात काय असतात ते आम्हाला माहीत आहे.

आता आपल्या माणसाला आणखी एक गोष्ट विचारावीच लागते. पारखणारा डोळा कुणाचा? पुण्याच्या जिमखान्यावर पाळवणकर बाळू हा चांभार समाजातला तरुण मैदानाची कामे करायचा आणि गोऱ्या साहेबांना नेटमध्ये गोलंदाजी टाकायचा. तासन् तास टाकायचा. बॅट मात्र त्याच्या हातात कुणी देत नसे. त्याचा डावा हात सगळ्यांनी पाहिला, हिंदूंच्या संघानेही घेतला, कारण जिंकायचे होते. पण चहाच्या वेळी तो पॅव्हेलियनच्या बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यातून. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने शंभरावर बळी घेतले. कर्णधार त्याला कधीच केले नाही. तो मान १९२३ मध्ये त्याचा भाऊ विठ्ठल याला मिळाला, तोही भांडून. याच बाळूंना १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने बाबासाहेबांच्या विरोधात उभे केले आणि बाबासाहेब निवडून आले, हा इतिहास आपल्या वाचकांना ठाऊक आहे. राजकारण बाजूला ठेवून आम्ही एवढेच म्हणतो की बाळूला फलंदाजी येत होती की नाही, हे आज कुणीच सांगू शकत नाही. बघितलेच नाही, तर कळणार कसे?

चांगल्या माणसाच्या डोळ्यातूनही सुटते, हे खरे. ज्या लाड सरांनी शार्दूलला हेरले, त्यांनीच रोहित शर्माला आधी ऑफस्पिन टाकणारा म्हणून शाळेत आणले होते. नंतर पोर बॅट फिरवताना दिसले आणि त्यांनी मत बदलले. मत बदलण्याची तयारी ही पारख्याची पहिली परीक्षा, असे आम्ही मानतो. फी भरा म्हणणारा पहिल्याच दिवशी "हा भारताकडून खेळणार" म्हणून सांगत असेल, तर त्याने तुमच्या पोराकडे नीट पाहिलेले नाही.

हे सगळे आम्हाला परवा उपयोगी पडले. नालासोपारा पूर्वेचे एक कुटुंब. बाप वालीवच्या औद्योगिक वसाहतीत मशीनवर, आई घरी बसून खोट्या दागिन्यांना खडे लावते. मुलगा सातवीत. ॲकॅडमीवाल्यांनी सांगितले, गुणी आहे. वर्षाची फी एकदम भरा, पूर्ण किट घ्या, आणि आठवीपासून शाळेतून दाखला काढून मुंबईच्या क्रिकेट खेळणाऱ्या शाळेत घाला. बापाने पतपेढीचा फॉर्मसुद्धा आणून ठेवला होता. ज्या सोपाऱ्यात सम्राट अशोकाच्या आज्ञेचा शिलालेख आणि बौद्ध स्तूप सापडला, त्या गावात आज पोरांना खेळायला सपाट जमीन शोधावी लागते, ही तक्रार पुन्हा कधीतरी. आम्ही तीन रविवार त्या पोराला बघितले. एकदा टेनिस बॉलवर, दोनदा मॅटिंगवर सीझन बॉलने.

पोर चांगले आहे. मागच्या पायावर फार सुरेख जातो, ते शिकवून येत नाही. डोके स्थिर. अंगावरचा चेंडू लागला, डोळ्यांत पाणी आले, पण पुढच्या चेंडूला पाय पळाला नाही. पुढे खेळताना मात्र पाय आधीच टाकून ठेवतो आणि बॅट बाहेरून वळून येते, मग मध्ये फट पडते. तीच ती ॲडलेडची फट. बारा वर्षांचा असताना ती बुजवता येते, दोन वर्षे लागतात. आम्ही हे सगळे बापाला जसेच्या तसे सांगितले. त्याने विचारले, "काका, म्हणजे होईल का नाही?"

मग आम्ही त्याच्यासमोर कागदावर हिशेब मांडला. आयपीएलमध्ये दहा संघ, एका संघात जास्तीत जास्त पंचवीस खेळाडू, त्यातले आठ परदेशी असू शकतात. म्हणजे साऱ्या देशातल्या पोरांसाठी जागा १७० च्या आसपास. रणजीचे संघ ३८. तिथे नवीन खेळाडूला मैदानावरच्या दिवसाला ४०,००० रुपये मिळतात, चार दिवसांच्या सामन्याचे एक लाख साठ हजार. वाईट नाही, पण हंगामातले किती सामने मिळतील हे कुणाच्या हातात नसते. त्याच्या खाली रेल्वे, पोलीस, बँका यांच्यातल्या खेळाडूंच्या जागा, आणि राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. पण त्यालाही स्पर्धेचे प्रमाणपत्र लागते आणि शिक्षणाची अट लागते. शिक्षणाची अट कुठेच सुटत नाही. बाप गप्प झाला. आई मात्र इतका वेळ दारात बसून खडे लावत होती, ती म्हणाली, "म्हणजे दाखला काढायचा नाही."

आम्ही तेच म्हणणार होतो. फीचे एकदम पैसे भरू नका, महिन्याचे भरा. दोन वर्षे, शाळा तीच, सकाळची नेट. चौदाव्या वर्षी जाइल्स शिल्डसारख्या स्पर्धेतल्या तगड्या संघांसमोर कसा टिकतो ते बघू आणि तेव्हा नवीन मत बनवू. आणि पोराला दमवू नका. हल्ली सकाळी नेट, संध्याकाळी फिटनेस, रविवारी सामना, मग शिकवणी, असे पोरांना जुंपतात आणि पंधराव्या वर्षी कंबर धरून बसलेली पोरे आम्ही बघितली आहेत. भगवान बुद्धांच्या संघातला सोण चालून चालून पायांतून रक्त येईपर्यंत साधना करायचा. तो आधी वीणा वाजवणारा. तथागतांनी त्याला विचारले, तार फार ताणली तर वाजते का? फार सैल सोडली तर? ही गोष्ट आम्ही त्या बापाला सांगितली. त्याला ती विहारातून ठाऊक होती. पोराला पहिल्यांदाच कळली. त्याने विचारले, त्या भिक्खूचे पाय नंतर बरे झाले का.

त्या घरात पोराची धाकटी बहीणही आहे. तिसऱ्या रविवारी ती सीमारेषेवर चेंडू अडवत होती आणि थेट यष्टीरक्षकाच्या हातात फेकत होती. तिच्याबद्दल आम्हाला कुणी विचारले नाही, म्हणून आम्हीच विषय काढला. धारावीच्या सिमरन शेखला डिसेंबर २०२४ मध्ये महिलांच्या लिलावात गुजरातच्या संघाने एक कोटी नव्वद लाखांना घेतले, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये आपल्या मुलींनी नवी मुंबईत विश्वचषक जिंकला. मुलींच्या रांगेत अजून एवढी गर्दी झालेली नाही. बापाला हिशेब लगेच समजला. आईने फक्त विचारले की मैदानावर मुलींसाठी संडास आहे का. नाही. त्याची व्यवस्था झाल्याशिवाय आम्ही तिला या म्हणून सांगू शकत नाही. यासाठी विहाराच्या मंडळातर्फे महापालिकेच्या प्रभाग कार्यालयात अर्ज देत आहोत.

पतपेढीचा फॉर्म सध्या कपाटात आहे. नवे किट घेतले नाही. एका ओळखीच्या मुलाचे पॅड आणि ग्लोव्हज मिळाले. पॅड थोडे मोठे होतात, पट्टा एक भोक आत घ्यावा लागतो. ज्यांच्या घरी मुलांना लहान झालेले पॅड, बूट, हेल्मेट असे सामान पडून असेल, त्यांनी ते रविवारी वंदनेच्या वेळी विहारात आणून द्यावे. बूट चार-पाच नंबरचे असतील तर विशेष बरे.